उघडा काटा: कणभौतिकीची ओपन सोर्स हत्यारं, सोप्या भाषेत

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच गावचा एक पोरगा घरी आला. तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वडिलांकडं पाच एकर कोरडवाहू. त्यानं मोबाइलवर एक बातमी वाचली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ज्या मोजमापांवरून हिग्ज कण (मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं या कोड्यातला शेवटचा दुवा) सापडला, त्यातली बरीचशी आता कोणालाही उतरवून घेता येतात, आणि ती तपासायची सॉफ्टवेअरंही मोफत मिळतात, असं त्यात होतं. "सर, हे खरं हाये का? माह्या लॅपटॉपवर चालन का? अन् एवढं महागाचं फुकट कायले देतात बा?"

पहिल्या दोन प्रश्नांना नुसतं 'हो' पुरलं असतं. तिसऱ्यासाठी आम्ही तीन संध्याकाळी बसलो. हा लेख त्या तीन संध्याकाळींचा. मी तालुक्याला तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि घरची पऱ्हाटी अजून सुटलेली नाही, त्यामुळं उदाहरणं वावरातलीच येतील.

## टक्कर होते तेव्हा काय होतं

रात्रीच्या लाईनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा भाऊबंद, फक्त वजनानं सुमारे २०७ पट. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, त्या आदळण्यातून तो जन्मतो. आपल्याला काही जाणवत नाही.

सर्नमध्ये अशीच आदळआपट माणूस मुद्दाम घडवतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. त्यात प्रोटॉनचे दोन प्रवाह उलट दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवतात आणि ठरावीक ठिकाणी समोरासमोर आणतात. टकरीतल्या ऊर्जेतून नवे कण तयार होतात. त्यातले जड कण डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी फुटून जातात. यंत्राला दिसतात ते फक्त त्यांचे तुकडे, आणि त्या तुकड्यांत पुष्कळदा म्यूऑन असतात.

मडकं फुटलं, आपण पाहिलं नाही, पण सगळ्या खापऱ्या गोळा करून तोलल्या तर मडक्याचं वजन कळतं. इथंही तसंच आहे, पण एक फरक लक्षात ठेवावा लागतो. कणांच्या बाबतीत खापऱ्यांच्या वजनांची नुसती बेरीज चालत नाही. तुकडा कोणत्या दिशेला आणि किती जोरानं उडाला हेही हिशेबात घ्यावं लागतं. ते घेतलं की फुटलेल्या मूळ कणाचं वस्तुमान निघतं. पुढची सगळी सॉफ्टवेअरं या एका हिशेबाभोवती फिरतात.

## भूस फार, दाणा थोडा

प्रोटॉनचे जथे सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. एका वेळी अनेक प्रोटॉन भिडत असल्यामुळं टकरी सेकंदाला शंभर कोटींपर्यंत पोचतात. हे सगळं साठवणं जगातल्या कोणत्याही गोदामाला जमणार नाही. म्हणून आधी चाळणी लावतात. हिग्जचा शोध लागला त्या काळात पहिली चाळणी सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात ठरवायची की काय ठेवायचं, आणि सेकंदाला लाखभर नोंदी पुढं सोडायची. दुसरी त्यातल्या हजारभर ठेवायची. बाकी सगळं उफणून टाकलं जायचं आणि ते परत कधी मिळायचं नाही.

असं उफणूनही २०२३ मध्ये सर्नची डिस्कवरची साठवण एक एक्साबाइटच्या पुढं गेली. एक एक्साबाइट म्हणजे १०० कोटी जीबी. आपण रोजच्या रिचार्जमधले दीड जीबी पुरवून वापरणारी माणसं, आपल्याला या आकड्याचा अंदाज बांधणंही कठीण. एका संगणकाला हे पेलत नाही, म्हणून काम ४० च्या आसपास देशांतल्या सुमारे १७० केंद्रांत वाटलेलं आहे. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्रही.

## लायब्ररी म्हणजे कोठ्यातली अवजारं

इथं लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. वखर, डवरा, तिफण आपण दर हंगामात लोखंड तापवून नव्यानं घडवत नाही. कोठ्यात ठेवलेली असतात, काढली की कामाला लागली. प्रोग्रामिंगमधली लायब्ररी तशीच असते. सरासरी काढणं, आलेख रेखाटणं, कोनांचा हिशेब करणं अशी नेहमी लागणारी कामं कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेली असतात आणि आपण ती हाक मारून वापरतो.

ओपन सोर्स म्हणजे त्या अवजाराचा आराखडाही उघडा. ते वापरा, खोलून बघा, आपल्या जमिनीप्रमाणं फाळ बदला, शेजाऱ्याला द्या. एवढ्या चार परवानग्या लेखी मिळतात. मोफत असणं हा त्याचा परिणाम आहे. मुख्य गोष्ट उघडं असणं ही, आणि ती मला का महत्त्वाची वाटते हे सांगायला एक घरचा प्रसंग सांगतो.

एका वर्षी आम्ही गाडी भरून कापूस विकायला नेला. घरी गाठोडं-गाठोडं तोलून वहीत लिहिलं होतं. तिथल्या काट्यावर ४० किलो कमी भरला. आमचा काटा चुकला असेल, कापूस वाळला असेल, सगळं मान्य. म्हणून मी विचारलं, तुमचा काटा कसा तपासता ते दाखवता का? उत्तर मिळालं, काटा बरोबर आहे, पटत नसेल तर गाडी परत न्या. मला ४० किलोंपेक्षा त्या उत्तराचं वाईट वाटलं. आकडा कसा आला हे विचारायची वाटच बंद होती.

विज्ञानात ही वाट बंद झाली तर विज्ञानच उरत नाही. नवा कण सापडला असं कोणी म्हणतं तेव्हा तो कण सॉफ्टवेअरच्या काट्यावर तोललेला असतो. तो काटा सीलबंद असेल तर आपण शोधावर विश्वास ठेवतोय की काटेवाल्यावर?

## रूट: झाड, फांदी, पान

या क्षेत्रातलं सगळ्यांत मोठं अवजार म्हणजे रूट. रने ब्रुन आणि फॉन्स राडेमाकर्स यांनी १९९५ च्या सुमारास सर्नमध्ये ते लिहायला घेतलं. आधीची साधनं फोरट्रान या जुन्या भाषेत होती. रूट सी प्लस प्लसमध्ये आहे. त्या वेळी सर्नमध्ये दुसराही विचार जोरात होता: बाजारातला परवान्याचा, विकत घ्यायचा डेटाबेस वापरायचा. पुढं तो मार्ग मागं पडला आणि सुरुवातीला अधिकृत नसलेलं रूट सगळ्यांनी उचललं. मला हा निर्णय फार दूरदृष्टीचा वाटतो. महायंत्राची मोजमापं चाळीस-पन्नास वर्षांनी वाचावी लागतील. विकणारी कंपनी तोवर राहील याची हमी कोण देणार? गोदामाची किल्ली दुसऱ्याकडं आणि धान्य आपलं, अशी गत झाली असती.

रूटची नोंद ठेवायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आपली वही आडवी असते: तारीख, नाव, किलो, उचल, बाकी. एका माणसाचं सगळं एका ओळीत. आता हंगामाचा एकूण कापूस किती झाला हे काढायचं तर प्रत्येक पान उलटून, नावं-उचल सगळं ओलांडत फक्त किलोंकडं बघावं लागतं. रूट वही उभी फाडून ठेवतं. सगळे किलो एका चोपडीत, सगळ्या तारखा दुसऱ्या चोपडीत. किलो हवेत तर तेवढीच चोपडी काढायची. रूटमध्ये पूर्ण वहीला झाड म्हणतात, एकेका रकान्याला फांदी, आणि फांदीवर पानं.

## वेचणीची वही आणि वेडीवाकडी रांग

भौतिकशास्त्र शिकणारी आजची मुलं बहुतेक पायथन शिकून येतात. पायथन वाचायला सोपी भाषा, पण एकेक आकडा घेऊन हिशेब करायला लावला तर संथ. त्यावर उतारा म्हणून नमपाय नावाची लायब्ररी २००५ च्या सुमारास आली. तिची कल्पना साधी आहे. मजुरीचा हिशेब करताना प्रत्येक बाईच्या किलोंसाठी मालकाला पुन्हा पुन्हा भाव विचारायला गेलात तर संध्याकाळ होईल. भाव एकदा विचारा आणि सगळ्या रकान्याला एका दमात गुणा. नमपाय पूर्ण रकाना एकत्र घेतं आणि आतल्या आत वेगवान भाषेत गुणून देतं.

अडचण अशी की नमपायला रकाने चौकोनी हवेत. प्रत्येक ओळीत सारखेच आकडे. वेचणीची वही तशी कुठं असते? सोमवारी तीन बाया आल्या, मंगळवारी दोन, बुधवारी पाऊस म्हणून कोणीच नाही, गुरुवारी एक. टकरींचंही हेच. एका टकरीत दोन म्यूऑन, दुसरीत एकही नाही, तिसरीत चार. चौकोनी तक्ता करायचा तर सगळ्यांत जास्त बायांच्या दिवसाएवढे रकाने आखायचे आणि उरलेले रिकामे सोडायचे. कोट्यवधी ओळींच्या वहीत रिकाम्या घरांचंच ओझं होतं.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जिम पिवार्स्की यांनी यासाठी ऑकवर्ड अ‍ॅरे लिहिलं. ऑकवर्ड म्हणजे अवघडलेलं, वेडंवाकडं. पोराला मी ते वहीवरच करून दाखवलं. सगळी वजनं एका लांब रांगेत लिहायची, मध्ये दिवस न तोडता: २२, १८, २५, ३०, १५, २०. मग वेगळी छोटी रांग, प्रत्येक दिवस कुठं सुरू होतो आणि शेवटचा कुठं संपतो ते सांगणारी: ०, ३, ५, ५, ६. पहिल्या दिवसाची वजनं शून्यापासून तीनपर्यंत, म्हणजे पहिली तीन. दुसऱ्याची तीनपासून पाचपर्यंत, म्हणजे दोन. तिसऱ्याची पाचपासून पाचपर्यंत, म्हणजे एकही नाही. पाऊस! चौथ्याची शेवटची एक.

एवढंच. एकही रिकामं घर नाही, आणि भावानं गुणायचं तर लांब रांग एका दमात गुणून मोकळं व्हायचं. हद्दींच्या रांगेला हातही लावावा लागत नाही. "मजुरी वाढली तरी दिवस तेच रायतात," पोरगा म्हणाला. मी तीस वर्षांत इतकं नेमकं वाक्य परीक्षेच्या पेपरात वाचलेलं नाही.

याच जोडीचं दुसरं अवजार अपरूट. ते २०१७ मध्ये आलं. रूट हे अवजड यंत्र आहे, ते पूर्ण बसवायला जागा आणि वेळ लागतो. अपरूटला त्यातलं काही लागत नाही. रूटनं लिहिलेल्या फायली ते थेट पायथनमध्ये वाचतं. आमच्यासाठी त्याचा सगळ्यांत मोठा गुण वेगळाच निघाला. फाईल दूरच्या संगणकावर असली तरी अपरूट तिच्यातले हवे ते रकाने, हव्या तेवढ्या ओळी मागवू शकतं. उभ्या फाडलेल्या वहीचा फायदा इथं कळतो. आम्हाला हवी होती ती फाईल दोन जीबीच्या वर आहे, रोजच्या रिचार्जमध्ये न मावणारी. तिच्यातल्या पहिल्या दहा लाख ओळी मागवल्या, तर काम पन्नास एमबीच्या आतबाहेर झालं.

अशी बरीच अवजारं सायकिट-हेप नावाच्या एका सामाईक प्रकल्पाखाली ठेवलेली आहेत. कणांची वस्तुमानं तोंडपाठ असलेलं पार्टिकल, दिशांचा हिशेब करणारं व्हेक्टर, ढीग लावणारं हिस्ट. त्यातलं आयमिनुइट मला विशेष आवडतं, कारण त्याच्या पोटात फ्रेड जेम्स यांनी सर्नमध्ये १९७० च्या दशकात लिहिलेल्या मिनुइटचीच नव्यानं घडवलेली आवृत्ती आहे. आराखडा पन्नास वर्षांपूर्वीचा, घडण नवी. त्याचं काम सर्वांत चपखल बसणारी वक्ररेषा शोधणं; मुसळधार पावसानंतर पाणी वावरातल्या सगळ्यांत खोल जागी जाऊन थांबतं, तसं ते चूक कमीत कमी होते ती जागा गाठतं.

## ढीग लावून कण कसा सापडतो

वरुड-मोर्शीकडं संत्र्याची प्रतवारी पाहिली असेल. फळं आकाराप्रमाणं वेगळी करून ढीग लावतात. कोणता ढीग किती उंच, यावरून बगीचा कसा होता हे कळतं. अशा ढिगांच्या आलेखाला हिस्टोग्राम म्हणतात. कण शोधणं म्हणजे ढीग लावणं.

आमची फाईल सर्नच्या सीएमएस प्रयोगाची, २०१२ मधली. सहा कोटींहून जास्त टकरी, आणि रकाने फक्त सहा: म्यूऑन किती, प्रत्येकाचा आडवा जोर, दोन कोन, वस्तुमान आणि विद्युतभार. आम्ही नेमके दोन म्यूऑन असलेल्या टकरी निवडल्या, त्यातही एक धन आणि एक ऋण अशा. प्रत्येक जोडीवरून फुटलेल्या मूळ कणाचं वस्तुमान काढलं. मोजायचं एकक गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रोटॉन त्यात ०.९३८ भरतो, म्हणजे जवळजवळ एक, त्यामुळं पुढचे आकडे 'इतके प्रोटॉन' असे समजले तरी चालेल.

तीन-साडेतीन हजार रुपयांत घेतलेला जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, वायर लावूनच चालणारा. काही सेकंदांत आलेख उमटला. उतरत जाणारा उतार आणि त्यावर टोकदार सुळके. ३.१ जवळ एक: जे-साय, १९७४ मध्ये सापडलेला. साडेनऊजवळ दुसरा: अप्सिलॉन, १९७७ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये सापडलेला. आणि लांब उजवीकडं ९१ वर रुंद टेकडी: झेड बोसॉन, १९८३ मध्ये सर्नमध्येच सापडलेला. ज्यातल्या दोन कणांसाठी नोबेल मिळालं, असे तीन कण एका खाटेवर बसून, एका आलेखात, एकामागोमाग एक. मी आयुष्यभर हे कण फळ्यावर नावानं लिहिले. माझ्यासमोर मोजमापांतून ते उठून उभे राहिले, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

हिग्ज इतका सहज दिसत नाही. ४ जुलै २०१२ ला त्याची घोषणा झाली तेव्हा कसोटी अशी होती: हिग्ज नसता, तर नुसत्या योगायोगानं एवढा उंच ढीग लागण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. शास्त्रज्ञ त्याला पाच सिग्मा म्हणतात. शब्द लक्षात ठेवायची गरज नाही, आकडा ठेवावा.

## 'फुकट आहे तर पैसे कोण भरतं?'

भरतो आपण सगळेच. रूटवर काम करणारी माणसं सर्न, फर्मिलॅब आणि विद्यापीठांकडून पगार घेतात; अमेरिकेत २०१८ पासून तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशांवर या सॉफ्टवेअरसाठी एक वेगळी संस्थाच चालते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे आपल्या करातलाही वाटा तिथं जातो. त्यामुळं 'फुकट कायले देतात' याचं सरळ उत्तर असं: लोकांच्या पैशांतून झालेलं लोकांना परत मिळतंय. सर्ननं हे आधीही केलं आहे. वर्ल्ड वाइड वेब तिथंच जन्मलं, आणि ३० एप्रिल १९९३ ला त्यांनी ते सगळ्यांना मोकळं करून टाकलं. आज तलाठ्याकडं न जाता सातबारा मोबाइलवर दिसतो, तो त्या मोकळेपणाच्या पायावर.

## 'उघडा काटा कोणीही बिघडवेल ना?'

हा आक्षेप खरा आहे आणि तो हलका करून चालणार नाही. काट्याला सील असतं ते कोणी हात लावू नये म्हणूनच.

पण उघडं दिसणं आणि कोणालाही बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्याचंच घ्या. तो कोणालाही बघता येतो, पण फेरफार करायचा तर अर्ज येतो, नोटीस निघते, हरकतींना पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि जुनी नोंद पुसली जात नाही. ओपन सोर्समध्येही तसंच. कोणीही बदल सुचवू शकतो. सांभाळणारी माणसं तो वाचतात, चाचण्या चालवतात, हरकती घेतात, मगच तो मूळ प्रतीत जातो. कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली, हे कायमचं नोंदलेलं राहतं.

तरीही फेरफारात गडबड होते, तशी इथंही झाली आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या फाईल दाबून छोटी करणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तिच्यावर दोनेक वर्षं मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावलेल्या कोणीतरी तो घुसवला होता. रूटच्या फायली दाबायच्या अनेक पद्धतींपैकी एकीमागं हीच लायब्ररी आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या विषयापासून लांबची नाही. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या शंकेवरून तो खोदत गेला. आतलं खोलून बघण्याची मुभा होती म्हणून त्याला शेवटपर्यंत जाता आलं. आणि त्या लायब्ररीची खरी दुबळी बाजूही तिथंच दिसली: ती सांभाळणारा मूळ माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला होता. उघडेपणा आपोआप राखण करत नाही, बघणारे डोळे लागतात. ते कमी आहेत, आणि या पोरांनी हे शिकावं असं मला वाटतं त्याचं एक कारण हेच.

## 'मोजमापं वाटून टाकली तर श्रेय दुसराच नेईल'

ज्यांनी यंत्र बांधलं त्यांना पहिली संधी मिळते. २०२० मध्ये सर्नच्या प्रयोगांनी ठरवलेल्या धोरणानुसार मोजमापं गोळा झाल्यावर साधारण पाच वर्षांनी ती उघडायला सुरुवात होते. पहिली वेचणी मालकाची, नंतर वावर सगळ्यांना खुलं. हा क्रम मला न्याय्य वाटतो.

## 'यानं कापसाला भाव मिळणार आहे का?'

नाही. पोराच्या वडिलांनी हा प्रश्न विचारला, आणि त्यांना मी हेच उत्तर दिलं. झेड बोसॉनचा आणि हमीभावाचा काही संबंध नाही, तो जोडून दाखवणं खोटेपणा होईल.

जिथं संबंध आहे तिथला सांगतो. जिअँट-४ नावाची लायब्ररी कण पदार्थातून जाताना काय होतं त्याचा हिशेब करते. ती १९९८ मध्ये प्रयोगांची यंत्रं आखण्यासाठी निघाली, आणि आज कर्करोगाच्या किरणोपचारांच्या संशोधनात वापरली जाते: किरण गाठीत किती पोचेल, शेजारच्या निरोगी भागात किती. आमच्या तालुक्यातून नागपूरला किरणं घ्यायला जाणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. दुसरं म्हणजे, रकाना एका दमात गुणणं, वेडीवाकडी नोंद सरळ ठेवणं, ढीग लावून उंचवटा ओळखणं हे ज्याला आलं, त्याला मंडळनिहाय पावसाच्या नोंदी, दवाखान्याचं रजिस्टर, बाजार समितीची आवक, काहीही दिलं तरी तो वाचू शकतो. हत्यार तेच, वावर बदलतं.

## 'आता एआय कोड लिहून देतो, शिकायचं कशाला?'

आम्ही तेही करून पाहिलं. पोरानं एआयला सांगितलं, कोड आला, चालला, सुळके दिसले. सुंदर आलेख. पण त्यात विद्युतभाराची अट राहून गेली होती. धन-धन आणि ऋण-ऋण जोड्याही ढिगात पडत होत्या, आणि झेड अशा जोडीत फुटत नाही. सुळके जागच्या जागी होते, फक्त खालचा उतार उगाच जाडावला होता. आकडा चुकीचा आणि दिसायला बरोबर, हा प्रकार मला काट्यावरच्या त्या दिवसापासून माहीत आहे. पोराला तो सापडला, कारण आदल्या संध्याकाळी त्यानं तोच हिशेब स्वतःच्या हातानं ओळ-ओळ केला होता.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. या अवजारांची माहितीपत्रं इंग्रजीत असतात आणि शब्द पहिल्या दिवशी अंगावर येतात. आम्ही एक वही केली: डावीकडं इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत, उजवीकडं आपलं उदाहरण. ऑफसेट, म्हणजे दिवसाची हद्द. बिन, म्हणजे संत्र्याचा ढीग. मर्ज, म्हणजे फेरफार मंजूर. चाळीसेक शब्दांत काम भागायला लागतं. ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं पायथन, मग नमपाय, मग अपरूट आणि ऑकवर्ड या क्रमानं जावं. रूट सगळ्यांत शेवटी. लॅपटॉप नसेल तर ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवता येणाऱ्या मोफत वह्या (नोटबुक) आहेत, मोबाइलवरही उघडतात, फक्त बोटं दुखतात.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पोरगा परत आला. सर्नच्या खुल्या मोजमापांत हिग्जचा नमुना-अभ्यासही ठेवलेला आहे, हिग्ज फुटून शेवटी चार हलके कण उरतात, त्या टकरींचा. त्याला तो करायचा होता. मी बजावलं की कोट्यवधी ओळी चाळून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरतील आणि १२५ वरचा उंचवटा अगदी बारका असेल. "असू द्या, सर," तो म्हणाला, आणि वायर लावून बसला. साडेअकराला लाईन गेली तेव्हा त्याच्या वहीत चार म्यूऑनवाल्या अकरा टकरी लिहिलेल्या होत्या, वजनांसकट.